दोन ठोके, थांबा, एक ठोका

३ जानेवारी, शनिवार
संकल्प: मंडळाचं गुपित मेलो तरी फोडणार नाही. रिटायर झाल्यापासून मला ‘बंधू’ म्हणणारं हे एकच ठिकाण उरलंय.
आज शिंप्याला वगळलं. घरी काहीतरी बोलला म्हणे. आमच्यात कुणाला ‘जा’ म्हणत नाहीत. दारावरचा ठोका बदलतात आणि त्या एकट्याला कळवत नाहीत. फार सभ्य पद्धत. बिचारा जिन्यात बराच वेळ ठोकत होता. आम्ही आत चहा प्यायलो.

८ जानेवारी
बायकोला नवा ठोका सांगितला. दोन, थांबा, एक. दर शनिवारी जाता कुठे, हा तिचा प्रश्न भलत्याच वळणावर चालला होता. शिवाय बायको म्हणजे काही बाहेरची नव्हे. संकल्प शाबूत आहे.

११ जानेवारी
बायको बाथरूमच्या दारावर तोच ठोका देते. म्हणाली, आटपा आता, बंधू. मी हसलो नाही.

१५ जानेवारी
संध्याकाळचा दूधवालाही तसाच ठोकायला लागला. बायकोने शिकवलं. म्हणे, कोण आलंय ते लगेच कळतं. तिला सक्त ताकीद दिली. तिने मला भाजीला पिटाळलं.

२० जानेवारी
आमचे अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, सहज घरी आले. तेवढ्यात दूधवाला. दोन, थांबा, एक. अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चहा अर्धा टाकून उठले. पेशंट खोळंबले असतील.

२४ जानेवारी, शनिवार
सभेत मला अगदी दाराशी खुर्ची. द्वारपालाचं पद रिकामंच आहे, काय ते समजलो. आमच्या पद्धतीने करंगळी दाबून हात कुणीच मिळवला नाही. समारंभासाठी राखून ठेवलं असणार. रात्री झोप मात्र लागली नाही. आनंदाने.

३० जानेवारी
कोट इस्त्रीला दिला. आभाराचं भाषण पाठ. बायको म्हणाली, उद्या नाही गेलात तर चालणार नाही का? तिला काय कळतंय.

३१ जानेवारी, शनिवार
ठोकलं. परत ठोकलं. ऐकू गेलं नसेल म्हणून जोरात ठोकलं. आतून कपबशांचा आवाज येत होता. बाकी सगळे गप्प. आम्ही अशा वेळी कसे गप्प बसतो ते मला ठाऊक आहे.
शिंप्याची आठवण झाली. फार वाईट वाटलं. जिना उतरताना कोट काढून हातावर घेतला.
किल्ली खिशात होती, तरी घराचं दार ठोकलं. दोन, थांबा, एक. बायकोने लगेच उघडलं. तिच्या हातात दुधाचं पातेलं होतं. म्हणाली, अय्या, तुम्ही होय.