हरणाच्या मटणाचं पुडकं

दोहा, ६ मार्च २००५

प्रिय लवीना,

येसूच्या दयेने मी ठणठणीत आहे. स्टेफीचा खोकला थांबला का?

मालकाच्या फार्मवरची हरणं रोडावत चाललीत. लाळ गाळत, मान खाली घालून उभी राहतात. सुपरवायझर अलेक्स म्हणतो, उन्हाने. मार्चमध्ये कसलं ऊन? जनावरांचा डॉक्टर एका मेलेल्या हरणाचं नुसतं डोकं तपासायला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आजारी हरणं कापून आम्हा कामगारांत मटण वाटलं. ईस्टरपर्यंत मटण वर्ज्य, असा लेंटचा उपास सांगून मी सुटलो.

अलेक्स रजेवर वसईला येतोय. हे पत्र त्याच्याच हाती देतोय, म्हणून पाकीट डिंकाने चिकटवलंय. तो तुला त्याच हरणांच्या सुकवलेल्या मटणाचं पुडकं देईल. हसून घे, चहा पाज. तो गेला की पुरून टाक, कुत्र्यालाही घालू नको.

ईस्टरला माझा उपास सुटेल. मग काय सांगायचं, ते सुचलेलं नाही.

तुझाच,
बस्त्याव