पेटी थांबल्यावर

हेंद्रेपाडा, बदलापूर
१४ एप्रिल २०२४

ती. राजाआत्यास सुजितचा सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पोस्टाची वाट धरली. पाळक व्हायला जूनमध्ये पुण्याच्या सेमिनरीत जायचं, तर त्याआधी जुनी ग्रीक वाचता यायला हवी. उल्हासनगरला निवृत्त पाळक साळवेसाहेब शिकवतात. खाली दुकानात सिंधी शेठची घासाघीस, वर आमची दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरं. काल शुभवर्तमानाची एक ओळ माझी मला लागली. अंगावर काटा आला, आत्या. पुढे वाचवेना.

आई म्हणते, ईस्टरपासून तू चर्चला गेली नाहीस. माझ्या निरोपाच्या उपासनेत गीत तूच सुरू करायचंस. आपल्या घरात तो मान थोरल्या बाईचा.

लोभ आहेच, ग्रीकच्या परीक्षेपर्यंत तरी आटू देऊ नकोस.

तुझा,
सुजित

अंबरनाथ
२२ एप्रिल

चि. सुजित यास अ. उ. आ.

ऊर भरून आला. तुझे आजोबा अंगठेबहाद्दर, आणि नातू ग्रीक वाचतो. मोठा पाळक झालास की आम्हाला ओळख दे म्हणजे झालं.

गाण्याचं मात्र सांगू नकोस. ईस्टरला पेटी कधी थांबली ते मला कळलंच नाही. सगळे बसले, मी डोळे मिटून एकटीच गात उभी. डोळे उघडले तर पोरं तोंडावर हात धरून हसत होती. त्यांना गाणी मीच शिकवलेली. फार लाज वाटली रे. आता देव बोलला तरी मला कुठे ऐकू येणार?

कैरीचं लोणचं पाठवलंय. बरणी आईच्या ताब्यात दे.

तुझी,
राजाआत्या

हेंद्रेपाडा
५ मे

ती. आत्यास सप्रेम सलाम. वि. वि.

साळवेसाहेबांना विचारलं, हे शब्द तेव्हा नेमके कसे उच्चारत? ते म्हणाले, पंडितांत वाद आहेत; तो आवाज आज जिवंत असलेल्या कोणीच ऐकलेला नाही. म्हणजे या पानापुढे आम्ही सगळे बहिरेच. तरी ते माझ्याशी बोलतं. मग तुझ्याशी का नाही बोलणार?

तू आली नाहीस तर गीताशिवाय जाईन, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

हट्टी भाचा,
सुजित

अंबरनाथ
१२ जून

चि. सुजित यास अ. उ. आ.

पोहोचलास, बरं वाटलं. तुझ्या निरोपाच्या उपासनेत गायले खरी, पण भीतीने डोळे उघडलेच नाहीत. मी पुन्हा चुकले का? तुझ्या आईला विचारलं तर नुसती गळ्यात पडून रडते. तू पाळक होणार, तेव्हा खरं लिही.

राजाआत्या

पुणे
१९ जून

ती. आत्यास सप्रेम सलाम. वि. वि.

खरं लिहितो. गीत संपलं, पेटी थांबली, आणि तू पहिलं कडवं पुन्हा धरलंस. क्षणभर चर्चमध्ये तुझा एकटीचा आवाज. मग आईने सूर धरला, मागून एकेकाने, ईस्टरला हसलेल्या पोरांनीसुद्धा. पेटी वाजवणाऱ्या विक्रांतला ती मिटलेली पेटी परत उघडावी लागली.

इथे रोज सकाळी ग्रीकचं पान उघडताना तेच आठवतं. रविवारी चर्चला जा. खुशाल डोळे मिटून गा, मागे सगळे आहेत.

तुझाच,
सुजित