पाण्यानं होणारं काम

ता. ९ जानेवारी

चि. भिंगरीस, अनेक उ. आ.

रक्ताची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, कारखान्यात रंग बनवताना इतकी वर्षं माल विरघळवायच्या त्या सॉल्व्हंटची वाफ छातीत गेली, तिनंच हाडांतला मगज पोखरलाय. आता नवं रक्त धड तयार होत नाही. तुझी वहिनी ऐकून घरी आली आणि भांडी घासत बसली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तू लिहिलंस, तक्रार करून आमचा विभागच बंद पाडते. तसं करू नकोस. बरोबरीच्यांच्या चुली विझतील, आणि तोच माल त्याच पिंपांतून दुसरीकडे, दुसऱ्याच कुणाच्या तरी छातीवर बनेल. त्यापेक्षा कंपनीच्या प्रयोगशाळेत बसून एवढी काचेची भांडी फोडतेस, तर सॉल्व्हंटवाचून रंग करायची रीत शोध. लहानपणी माझी सायकल खोलून बसायचीस, दोन स्क्रू उरायचे, तरी ती चालायची. हेही जमेल.

माझी काळजी करू नकोस म्हटलं तरी करशीलच. तेव्हा जेवून कर.

तुझा,
दादा

ता. २२ मे

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

जमलं रे! सॉल्व्हंटच्या जागी पाणी. आपला कच्चा माल पाण्याशी सवतीसारखा वागतो, जवळच येत नाही. म्हणून आधी तो पिठासारखा बारीक दळला आणि पाण्यात साबणाच्या जातीचं थोडंसं काही घातलं. मग दोघांचं सूत जुळलं. आच कमी लागते, पेट घेणारी वाफ नाही, पाणी गाळून पुन्हा वापरता येतं. कारखान्यामागचा ओढा लाल व्हायचा थांबेल.

फुशारकी मारते आहे, पण पहिल्या मोठ्या घाण्याचा पार लगदा झाला होता. भांड्यात उतरून खुरप्यानं खरवडला. आमचे साहेब म्हणाले, याचा पुतळा करून दारात बसवू.

पहिली पाळी तुझ्याच विभागात लागणार आणि कुणालाही घरी बसवायचं नाही, असं मी कबूल करून घेतलंय. मात्र नवी भांडी यायला वेळ आहे, आणि मला रोज वाटतं, त्यांना ढकलत आणावं. वहिनी कळवते, तू पाणीसुद्धा घोटघोटच घेतोस. दादा, थोडा दम धर. आजवर तुझ्याकडे हट्ट पुष्कळ केले, त्यातला हा एवढा पुरव.

तुझीच,
भिंगरी

ता. ३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

तू परत गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. तुझा दादा ऑगस्टात गेला, पण अजून मी दाराची वरची कडी लावत नाही. पाळी सुटून येणाऱ्याला ती बाहेरून काढता येत नाही ना.

सोमवारी तुझी पद्धत सुरू झाली. कारखान्यातल्या साहेबांनी बोलावलं, म्हणून गेले. पिंपं हलवलेली, फरशीवर त्यांचे गोल डाग तेवढे उरलेत. मोठ्या भांड्यात पाणी सोडलं. मी घरी फडकी पिळते तेच पाणी, गं. सगळे तुझं कौतुक करत होते आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. पाण्यानंच व्हायचं होतं, तर इतकी वर्षं का नाही झालं? मला समजूत नको. खरं सांग.

दुसरं असं, की साहेब म्हणाले, तुमच्या यजमानांच्या जागी तुम्ही या. मला काम हवंय. भिंतींकडे किती बघायचं? पण सोबतीला येऊन राहिलेली माझी आई म्हणते, त्या दारात पाऊल टाकलंस तर माझं तोंड पाहू नकोस. तू सांगशील तसं करीन.

तुझी,
वहिनी

ता. १२ ऑक्टोबर

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

खरं विचारलंस, खरं लिहिते. पूर्वीही झालं असतं. दादा नोकरीला लागला तेव्हासुद्धा झालं असतं. जुनं चालत होतं, स्वस्त पडत होतं, आणि जे रोज वाफ गिळत होते त्यांच्यासाठी कुणी डोकं चालवलं नाही. मीसुद्धा, घरात आग लागेपर्यंत.

कामाचं. धोका अजिबात नाही असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस. रंगाला लागणारं आम्ल अजून आहे, अंगावर उडालं तर भाजतं. एका टप्प्यावर भांडं तापतं. तापमानाचा काटा खाली आल्याशिवाय झाकणाला हात लावू नकोस, साहेबांनी घाई केली तरी. पण रक्त खाणारं आता तिथे काही नाही. माझं मन ‘जाऊ नकोस’ म्हणतं, ते दुःखाचं बोलणं आहे. माझं शिक्षण म्हणतं, जा. तुझ्या आईंना मी येऊन समजावीन. शिव्या खायची तयारी आहे.

तुझ्या मायेची हक्कदार,
भिंगरी

ता. ३० नोव्हेंबर

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

कामावर जाते. आईनं अबोला धरलाय, पण डबा भरून देते. विभागातले लोक पहिले काही दिवस माझ्यासमोर दबून बोलायचे. परवा एकाचा बूट फेसात अडकून तिथेच राहिला आणि तो मोज्यावर चालत गेला. सगळे हसले. मीही हसले, पोट धरून. मग हसले म्हणून रडू फुटलं. तेवढा वेळ माझं भांडं त्यांनीच सांभाळलं.

संध्याकाळी डोकं दुखत नाही. खोकला नाही. नव्यानं लागलेली पोरं शीळ घालत घरी जातात. तुझी पद्धत चांगली आहे, भिंगरे, मी स्वतः हातानं करून बघितली.

पण मला ती अजून आवडत नाही. आवडेल बहुतेक. थोडा वेळ दे, आणि तोवर माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
वहिनी