टिकलीवरचा खळगा

प्रिय डिलन,

गेल्या वर्षीच्या मार्चमधली ती सकाळ तू आजवर कितीतरी लोकांना सांगितली असशील. पण तू ती घरात शिरलास तिथून सुरू करतोस. माझी सकाळ त्याआधी तासभर सुरू झाली होती. मी कॉफी ठेवली. आदल्या दिवशीचा मक्याचा पाव पेल्यात कुस्करून त्यावर ताक ओतलं आणि उभ्याउभ्याच खाल्लं. रोजच्यासारखं एक स्तोत्र वाचलं. मग पिस्तूल कमरेला लावलं आणि त्यानंतर बूट घातले. माझी रीत तीच आहे. मग तुझ्या आईच्या कोंबड्यांना दाणे टाकायला परसात गेलो. तिला पुरून अकरा दिवस झाले होते. कोंबड्या अजून माझ्या पाठीमागे बघायच्या, ती येतेय का म्हणून.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. लेक्सिंग्टनच्या त्या व्यसनमुक्ती घरात सतरा महिने काढलेस, एकदाही ढळला नाहीस, आता बेकरीत पहाटेची पाळी करतोस, हे वाचून मी देवाचे आभार मानले. मनापासून मानले, ते आधी सांगतो, कारण पुढचं वाचल्यावर तुला ते खरं वाटणार नाही. पुढच्या रविवारी तू आपल्या चर्चमध्ये, देवानं तुला कसं सावरलं याची साक्ष द्यायला उभा राहणार आणि मी तुझ्या शेजारी उभं राहायचं, असं पाद्री एल्डननंही मला सांगितलं. तू लिहिलंस, ‘बाबा, तुम्ही मला चोर समजून पिस्तूल रोखलंत. मग माझा चेहरा दिसला आणि तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत ते रिकामं केलंत. काडतूस उडून आईच्या गोधडीवर पडलं. मी अजून कुणाचा तरी मुलगा आहे, हे मला तेव्हा कळलं. जीव तडफडतो तेव्हा मी ते काडतूस आठवतो.’ आणि ते काडतूस जपून ठेवलं असेल तर पाठवा, साखळीत ओवून गळ्यात घालीन, असं तू खाली लिहिलंस.

जपून ठेवलं आहे. पण त्याची गोष्ट मला माझ्या बाजूनं सांगावी लागेल, आणि ती माझ्या स्वस्त पिस्तुलांपासून सुरू होते.

तुला त्यांची लाज वाटायची, मला माहीत आहे. कुणाला मासेमारीचा नाद असतो, कुणाला जुन्या गाड्यांचा, मला हा होता. लाकूड कापायच्या गिरणीतल्या पगारात चांगलं पिस्तूल बसत नव्हतं. पण खरं सांगायचं तर चांगल्याची मला ओढही नव्हती. गहाणवटीच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर, गिटारी आणि कुणाकुणाच्या लग्नाच्या अंगठ्या यांच्याशेजारी जी पडून असायची, तीच मला बोलवायची. एकशेचाळीस डॉलरांत मी ते विटेएवढं जड पिस्तूल, आपली ‘वीट’, आणली तेव्हा तुझ्या आईनं ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली. ‘हॉलिस,’ ती म्हणाली, ‘यातून गोळी सुटेल की नाही ते देव जाणे. पण फेकून मारलंस तर माणूस नक्की मरेल.’ पहिल्या रविवारी मी ती चर्चला घेऊन गेलो. प्रार्थनेला गुडघे टेकले, तर ती चामडी कव्हरातून निसटली आणि लाकडी जमिनीवर असा धाडकन आवाज झाला की एल्डन प्रार्थनेच्या मध्येच थांबला. म्हातारी ओपल मागून मोठ्यानं म्हणाली, ‘आमेन, हॉलिस. आता उचल ते.’ सगळं चर्च हसलं. तूसुद्धा हसलास. सोळा वर्षांचा होतास, आणि त्यानंतर तुला असं हसताना मी क्वचितच पाहिलं.

वीट सारखी अडकायची. पाईन फोर्कच्या हार्डवेअर दुकानात बंदुकांच्या काउंटरवर व्हर्जिल बसतो, तो गिऱ्हाइकांना सांगायचा, ‘हॉलिसच्या पिस्तुलाला दोन माणसं लागतात. एक झाडायला आणि एक समजूत घालायला.’ म्हणून मी अडकलेलं पिस्तूल मोकळं करायचा सराव केला. चाप ओढला आणि नुसतं खट् वाजलं, की थांबायचं नाही. तळहातानं खालून मुठीतल्या काडतुसांच्या मॅगझीनला थाप मारायची, वरची स्लाईड मागे खेचून सोडायची. न उडालेलं काडतूस बाहेर फेकलं जातं, नवीन आत बसतं, आणि पुन्हा नेम. शेडच्या मागे आठवड्यातून दोनदा, कितीतरी वर्षं मी हे केलं. पुढे पुढे हात माझी परवानगी विचारेनासे झाले. एकदा नेमबाजीच्या मैदानावर शेरीफच्या माणसानं घड्याळ लावून बघितलं आणि म्हणाला, ‘काका, एवढ्या वेळात मला शिंकसुद्धा येत नाही.’ त्या दिवशी मी घरी शीळ घालत आलो होतो.

आणखी एक उद्योग मी केला होता. गिरणीत अंगठा चेपला तेव्हापासून चाप मला जड जायचा. म्हणून आतल्या सुईला ढकलणाऱ्या स्प्रिंगचे दोन वेढे मी पक्कडीनं कापून टाकले. चाप लोण्यासारखा झाला. पण सुईचा जोर गेला. काडतुसाच्या बुडाला टिकली असते, तिच्यावर सुईचा घाव खोल बसला तर गोळी सुटते. माझ्या पिस्तुलात तो उथळ पडायला लागला आणि विसातलं एखादं काडतूस उडेना. ‘गाढवा, जुनी स्प्रिंग परत घाल,’ व्हर्जिल म्हणाला. ‘ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी ही तुला दगा देईल.’ घालतो म्हटलं आणि राहून गेलं.

आता तुझ्या आईबद्दल. ती झोपेत गेली असं मी तुला सांगितलं. तसं सांगायला तिनंच मला बजावलं होतं. ती झोपेत गेली नाही. तिच्या वेदना थांबवणाऱ्या गोळ्या काढून घेऊन त्या बाटलीत तू सर्दीच्या गोळ्या भरून ठेवल्या होत्यास. रंग तोच, आकार जवळजवळ तोच. तू शेवटचा भेटून गेलास त्याच संध्याकाळी तिला ते कळलं. औषधाचं दुकान चाळीस मैल लांब, बर्फ पडलेला, आणि नवीन औषध सोमवारपर्यंत मिळणार नव्हतं. तो शुक्रवार होता. रविवारी ती टॉवेल चावत होती. मी शेरीफला फोन करायला उठलो तर तिनं माझी बाही धरली आणि म्हणाली, ‘पोराला सांगू नकोस. तो नंतर स्वतःला खाईल.’ तेव्हा ती नव्वद पौंडांची राहिली होती, तरी बाहीचा टाका उसवला. सोमवारी पहाटे ती गेली. औषध सकाळी दहाला आलं. मी सही करून घेतलं.

हे तुला कधीच सांगणार नव्हतो. तिला दिलेला शब्द मी आज मोडतो आहे. पण हे कळल्याशिवाय पुढचं तुला समजणार नाही.

तर त्या सकाळी मी कोंबड्यांचं उरकून आत आलो. तिच्या खोलीतून खण ओढल्याचा आवाज आला. कुलपं मी बदलली होती, पण खिडकीची कडी कशी निघते ते तुला लहानपणापासून माहीत होतं. मी दारात उभा राहिलो. तू पाठमोरा होतास. डोक्यावर टोपी ओढलेली. तू सगळ्यांना सांगतोस की बाबांनी मला चोर समजून पिस्तूल रोखलं. डिलन, मी तुला पाठमोराच ओळखलं. उभं राहताना तू डावी टाच उचलतोस. चालायला लागलास तेव्हापासून उचलतोस. आणि तुझ्या हातात तिची तीच बाटली होती. ती उलटी करून तळहातावर ठोकत होतास, काही उरलंय का बघायला.

मी पिस्तूल काढलं. तू वळलास. तुझा चेहरा खिडकीच्या उजेडात होता, पूर्ण दिसत होता. तू ओरडलास, ‘बाबा, मी आहे, मी!’ आणि मी चाप ओढला.

तू ओरडत होतास म्हणून तो खट् तुला ऐकू आला नाही. मला आला. आणि मग माझ्या हातांनी, ज्यांना मी इतकी वर्षं शिकवलं होतं त्यांनी, ते केलं. थाप, स्लाईड मागे, पुन्हा नेम. न उडालेलं काडतूस गोधडीवर जाऊन पडलं. तुला वाटलं बाप पिस्तूल रिकामं करतोय. मी ते भरत होतो. नवीन काडतूस आत बसलं होतं आणि नेम तुझ्या कपाळावर होता. तेव्हा तू गुडघ्यांवर बसलास आणि म्हणालास, ‘थँक्यू बाबा. थँक्यू.’ किती वेळा म्हणालास कुणास ठाऊक.

दुसऱ्यांदा मी चाप ओढला नाही. का, ते मला ठाऊक नाही. एल्डनला विचारलं तर तो म्हणेल, देवानं हात धरला. मी तो क्षण प्रार्थनेत पुष्कळदा आठवून पाहिला आहे, पण हात धरल्यासारखं मला काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तू कुणाचे तरी आभार मानत होतास आणि ज्याचे मानत होतास तो माणूस त्या खोलीत नव्हता. मग मी पिस्तूल कमरेला लावलं आणि तुला अंडी तळून दिली. तू चार खाल्लीस. ‘लेक्सिंग्टनला जातो, आजच जातो,’ म्हणालास. मी तुला तीन तास गाडीतून नेलं. तू रडत होतास, बोलत होतास, मध्येच झोपलास. ते दुसरं काडतूस सगळी वाट आत तसंच होतं. तुला उतरवून परत येताना मी पेट्रोल पंपावर थांबलो आणि तिथे ते पिस्तूल रिकामं करून गाडीच्या खणात टाकलं. तेव्हापासून मी कमरेला काही लावलेलं नाही. पँट सैल वाटते.

तुझं पत्र वाचून मी खोक्यातून दुसरं एक काडतूस काढलं. कोरं, टिकलीवर ओरखडाही नसलेलं. व्हिनेगरनं चकचकीत घासलं. तुझ्या तिथल्या कुणालाही फरक कळला नसता. दोन दिवस ते पाकिटात घालून, वर तुझा पत्ता लिहून टेबलावर ठेवलं होतं. स्वतःला म्हणायचो, या एका खोट्यावर पोरगं उभं आहे, ते खालून काढून घेणारा तू कोण? हे पत्र लिहिताना असंही वाटून गेलं की मी सतरा महिन्यांनी दुसऱ्यांदा चाप ओढतोय. तसं असेलही. तिनं तीन दिवसांत जे सोसलं ते तुझ्या गोष्टीत कुठेच नाही, आणि मी जे केलं तेही नाही. अशी गोष्ट सांगायला देवासमोर तुझ्या शेजारी उभा राहिलो, तर तू तिथे एकटाच असशील.

म्हणून शनिवारी मी गोधडीवरचं ते खरं काडतूस व्हर्जिलकडे नेलं. भरलेलं काडतूस टपालातून जात नाही. त्यानं हातोडीनं ठोकून गोळी सैल केली, दारू कागदावर ओतली, टिकली पेटू नये म्हणून तिच्यात तेल सोडलं आणि गोळी परत बसवली. मग सवयीनं उलटं करून बूड पाहिलं. ‘वीटच ना? सांगितलं होतं तुला. हा खळगा पडला तेव्हा नेम कशावर होता? डब्यावर?’ मी म्हटलं, ‘डब्यावर नाही.’ त्यानं माझ्याकडे बघितलं. फडक्यानं पुसून ते माझ्या हातात दिलं आणि दुकानाच्या मागच्या बाजूला निघून गेला. पाकिटातलं कोरं काढून हे मी त्यात घातलं आणि तसाच टपाल कचेरीत जाऊन खिडकीवरच्या बाईंच्या हातात दिलं. हे पत्र लिहायच्या आधी दिलं, कारण आधी पत्र लिहायला बसलो असतो तर कोरंच पाठवलं असतं. आता ते वाटेत आहे आणि माझ्यानं परत घेता येत नाही. काडतूस पोचलं की उलटं करून टिकली बघ. मधोमध उथळ खळगा दिसेल. तो मी पाडला आहे.

तुझाच,
बाबा