आत्याची खुर्ची पडद्यावर आणण्याचा लढा

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)
१२ ऑगस्ट २००६

ती. कमळताईस,

धाकट्या सदानंदाचा साष्टांग नमस्कार. तुझी राखी वेळेत पोचली आणि तुझ्या भावजयीने, विनयाने, ती माझ्या मनगटावर बांधली (गाठ तिची, भावना तुझी). तुझा उजवा गुडघा आता कसा आहे, आणि डावा निव्वळ सहानुभूतीपोटी अजून दुखतो का, ते कळव. भाऊजींना नमस्कार. वर्तमानपत्रात छापून आलेलं त्यांचं पत्र मी वाचलं, त्यातले तीन मुद्दे बरोबर आहेत आणि चौथा समाजाला घातक आहे, हेही त्यांना सांग.

आता मुख्य विषय. तुझ्या धाकट्या जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या, "भावाने लग्नात आत्याचा मान ठेवला म्हणे. आम्ही काय बघायला गेलो होतो?" तुझ्या पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझा चहा गार झाला. आमच्या आर्याच्या लग्नाआधी आठवडाभर तू मागच्या दारी पडलीस, तुला येता आलं नाही, हा काही कुणाचा गुन्हा नव्हे. म्हणूनच मी पहिल्या रांगेत तुझ्या नावाची खुर्ची मांडली, माझ्या हाताने चिठ्ठी लिहून पाठीला टाचली, मानाची साडी तिच्या पाठीवरून सोडली आणि शेवटपर्यंत तिथे कुणाला टेकू दिलं नाही (व्याह्यांच्या नव्वद वर्षांच्या मावशींनासुद्धा नाही. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण तत्त्वाला वय नसतं). आता गणपतीला सगळी भावकी तुझ्या घरी जमल्यावर लग्न टीव्हीवर दाखवेन आणि त्यात ती खुर्चीही दाखवेन, असं तू जाहीर करून बसली आहेस. म्हणजे सत्तावीस तारखेच्या आत लग्नाची डीव्हीडी, ती तबकडी, लांज्याला तुझ्या घरी पोचली पाहिजे. मी तुला शब्द दिला आहे, आणि माझा शब्द आजवर मागे गेलेला नाही (पंच्याऐंशीचा संप मागे गेला, पण तो केंद्रीय समितीने नेला).

अडचण अशी की लग्नाचं चित्रण व्याह्यांच्या भाच्याने परदेशी कॅमेऱ्यावर केलं, मूळ टेप पुसून तो परदेशी निघूनही गेला, आणि तीन तासांचा सोहळा दाबून दाबून एका सीडीवर बसवलेला आमच्या हाती ठेवून गेला. ती सीडी फक्त कॉम्प्युटरवर चालते. आणि कॉम्प्युटरचं आणि माझं काय नातं आहे, ते तुला ठाऊक आहे. बँकेत ही यंत्रं येणार असं कळताच युनियनतर्फे गेटवर पावणेदोन तास बोललेला मी माणूस आहे. त्या दिवशी कॅशियरसुद्धा रडले होते. आता आर्याने सासरी जाताना तिचं यंत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर सोडलं आहे. विनयाने त्यावर विणलेला रुमाल घातला आहे. मी आणि ते यंत्र एकमेकांना ओळखून आहोत.

मी सीडीवरची फाइल आहे तशी एका डीव्हीडीवर उतरवली आणि आमच्या प्लेअरमध्ये घातली. प्लेअरने ती ओळखण्यास नकार दिला. तळमजल्यावरच्या कॉन्रॅडला बोलावलं (लग्नाची शूटिंगं करतो, स्टेशनजवळ दुकान आहे, माणूस सज्जन, वाचन शून्य). तो म्हणाला, "सर, ही दाबलेली फाइल हाय. कॉम्प्युटरला कळते, घरच्या प्लेअरला नाय कळत. डीव्हीडीच्या पद्धतीत करून घ्यावी लागते. द्या, उद्या संध्याकाळपर्यंत देतो." मी त्याला सांगितलं की ज्याने प्रतिपक्षाचा अभ्यास केला नाही, त्याने वाटाघाटींना बसू नये. यावर मी थोडं विस्ताराने बोललो. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "उद्या दुपारी देऊ का मग?" मी नकार दिला.

रूपांतराचा प्रोग्राम सुरू करताच त्याने एक करारनामा पुढे केला आणि खाली 'मला मान्य आहे' असं बटण. कॉन्रॅड म्हणतो, दाबा. ताई, एकतीस वर्षांत मी एकही करार न वाचता सही केलेली नाही. चौदा पानं इंग्रजी होती, मी दोन दिवस वाचली. कलम नऊनुसार काहीही बिघडलं तर जबाबदारी सर्वस्वी माझी, आणि कलम अकरानुसार तक्रार करायची तर दुसऱ्या खंडात जाऊन करायची. असा एकतर्फी मसुदा आमच्या व्यवस्थापनानेसुद्धा कधी पुढे केला नव्हता. मी माझ्या हरकती टाइप करायला गेलो, तर तिथे जागाच ठेवलेली नाही. शेवटी विनया भाजी निवडता निवडता आली आणि तिने बटण दाबलं. मी निषेध नोंदवून कामाला लागलो.

रूपांतराला अकरा तास लागतात आणि आमच्याकडे भारनियमन सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवशी चौसष्ट टक्क्यांवर वीज गेली, दुसऱ्या दिवशी सत्त्याण्णववर. त्या तीन टक्क्यांचं दुःख मी शब्दांत मांडू शकत नाही (मांडलं होतं, विनयाने मध्येच कुकर लावला). मग यंत्र चादरीत गुंडाळून रिक्षाने कॉन्रॅडच्या दुकानात नेलं, कारण तिथे इन्व्हर्टर आहे. स्थळ बदललं, तत्त्व नाही. बटणं मीच दाबत होतो.

तबकडी तयार झाली, प्लेअरने ओळखलीही, पण आवाज चित्राच्या मागे राहू लागला. सुरुवातीला थोडा, मग वाढत वाढत. आर्याने हार घातला, अक्षता पडल्या, बँड वाजला, लोक पानावर बसले आणि मग गुरुजी 'सावधान' म्हणाले. माझं आभाराचं भाषण (अवघं पस्तीस मिनिटांचं) जिलबी वाढणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकू आलं. तिने ते बऱ्यापैकी केलं. कॉन्रॅड म्हणाला, "दाबलेल्या आवाजाला टायमाचं भान ऱ्हात नाय, सर. पयला आवाज वेगळा काढा, मोकळा करा, मग चित्राला जोडा." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. अशी वाक्यं ग्रंथांत सापडत नाहीत. तसं केलं आणि 'सावधान' जागेवर आलं.

मग लक्षात आलं की तुझी खुर्चीच नाही. पहिली रांग दिसते, व्याही दिसतात, विहीणबाई दिसतात आणि पुढे पाव हात लाकूड. मूळ चित्र रुंद, आपले टीव्ही चौकोनी, म्हणून पडदा भरण्यासाठी प्रोग्रामने दोन्ही कडा छाटल्या होत्या. बहुमताच्या सोयीसाठी कडेच्या माणसाला छाटायचं, ही वृत्ती मी चांगली ओळखतो. पर्याय दोन होते. एक, चित्र बाजूंनी चेपायचं, म्हणजे सगळे वऱ्हाडी उंच आणि सडपातळ होतात (विनयाला हा पर्याय मनापासून पसंत होता). दुसरा, वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून चित्र पूर्ण दाखवायचं. आयुष्यभर काळ्या फिती लावून काम केलेल्या माणसाने काय निवडलं असेल, ते सांगायला नको. टीव्हीसुद्धा कडा थोड्या खातो असं कळलं, तेव्हा चित्र आणखी जरा लहान केलं. आणि काल दुपारी, चौथ्या तबकडीवर, मंगलाष्टकं चालू असताना डाव्या बाजूला तुझी खुर्ची चारही पायांसकट दिसली. पाठीवर साडी, वर कुणीही नाही. कॉन्रॅडने दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवून माझ्याशी हात मिळवला. सत्याला छाटता येत नाही, ताई, त्याला फक्त पट्ट्या लावाव्या लागतात.

तबकडी सोबत आहे. भाऊजींना चौथ्या मुद्द्यावर फेरविचार करायला सांग.

तुझा,
सदानंद

ता. क. : पत्र घडी घालून झाल्यावर सहज ती तबकडी शेवटपर्यंत पाहिली (तोवर मंगलाष्टकांपर्यंतच तपासली होती). एक तास एक्केचाळिसाव्या मिनिटाला तुझ्या खुर्चीत एक इसम झोपलेला दिसतो. तोंड उघडं, बूट काढलेले, मानेखाली मानाच्या साडीची उशी. तो इसम मी आहे. मला यातलं काही आठवत नाही, पण अकरा मिनिटांचा पुरावा आहे. तेव्हा भावकीच्या व्यापक हितासाठी मी आधीची, कडा छाटलेली तबकडी पाठवत आहे. जाऊबाईंनी खुर्ची विचारली तर 'आमचा टीव्ही कडा खातो' एवढंच सांग. शास्त्रीयदृष्ट्या हे खोटं नाही. आणि लग्नानंतर तुला पाठवलेली ती साडी अजून नेसली नसशील तर आधी एकदा धुऊन घे.

वन्सं, सा. न. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी माझ्या. आतली तबकडी मी बदलली आहे, पूर्ण चित्राची घातली आहे. मंगलाष्टकांच्या वेळी चिठ्ठी साडीखाली झाकलेली आहे, तेव्हा ती खुर्ची कुणाचीही म्हणता येईल. यांनी साडी ओढून उशाला घेतली आणि घसरत खाली आले, तेव्हा कुठे यांच्या डोक्यावर 'सौ. कमळताई, वधूची आत्या' हे अक्षर न अक्षर वाचता येतं, चांगलं अकरा मिनिटं. जाऊबाईंना अगदी पुढे बसवा, आणि तेवढ्या वेळात चहाला कुणाला उठू देऊ नका. — विनया