डबिंग संपल्यावर

१९ जानेवारी

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे? वॉकर घेऊन चालायला लागले, की अजून तुझ्याच खांद्यावर भार? मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे डबा वेळेवर येतो.

चित्रपट पुरा झाला. दिग्दर्शक म्हणून हा तिसरा, आणि आधीच्या दोन्हींपेक्षा बरा उतरलाय असं संकलक म्हणाला. तो सहसा कुणाचं कौतुक करत नाही. परवा एक मुलगी मुलाखत घ्यायला आली होती. म्हणाली, "विशीत म्हातारे केलेत, चाळिशीत खलनायक, एका नाटकात तर बाप आणि मुलगा दोन्ही. एवढी माणसं आणलीत कुठून?"

मी म्हटलं, "आमच्या जिन्यावरून." तू भांडी घासता घासता पावलांवरून ओळखायचीस ना, आज मी खालच्या शिंप्यासारखा चढतोय की मुख्याध्यापकांसारखा. ती खूप हसली. मुलाखत छापून आली, त्यात जिना नाही.

ही गेल्यापासून घर फार मोठं वाटतं. चित्रीकरण चालू असलं की बरं असतं. कॅमेरा इथे ठेवू का, चहा आणू का, कुणी ना कुणी विचारत राहतं. काम संपलं की सगळे दुसऱ्या सेटवर जातात. त्यांचं काही चुकत नाही, मीही तसाच जायचो. आता संध्याकाळी टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांचे उच्चार सुधारत बसतो. तेही मनातल्या मनात.

मागे फोनवर तू म्हणालीस, आवाज बसलाय, गुळण्या कर. मी सेटवरच्या धुळीवर ढकललं. धूळ नव्हती, ताई. स्वरयंत्रावर गाठ आहे, वाईट जातीची. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल, लगेच. चित्रपटातल्या बापाचं काम मीच केलंय, त्याचं डबिंग तेवढं बाकी होतं. तेवढी मुदत मी मागून घेतली. "तुम्ही जिवाशी खेळताय," असं ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं.

ध्वनिमुद्रकाला घशाचं कळलं होतं. तो हळूच म्हणाला, "साहेब, तुमचा आवाज हुबेहूब काढणारा एकजण आहे. बोलावू का?" जन्मभर मी दुसऱ्यांच्या नकला केल्या, पण माझी कुणी करावी हे काही सोसवेना. घोट घोट कोमट पाणी पीत सगळं मीच केलं. शेवटच्या प्रसंगात मुलगा भांडून निघालाय आणि बाप दारातून एवढंच म्हणतो, "जेवून जा." तिथे आवाज मधेच फाटला. दिग्दर्शकाला आणखी एक टेक हवा होता, नटाला जमेना. काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाने हेडफोन काढून ठेवले.

"हाच राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "माझे वडील असेच बोलायचे."

राहू दिला.

सोमवारी दाखल व्हायचंय, बुधवारी शस्त्रक्रिया. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात. आवाज मात्र जाईल. नंतर यंत्र लावून बोलता येतं म्हणे, शिकावं लागेल. नर्सने विचारलं, सोबत कोण असेल? मी सहाय्यक दिग्दर्शकाचं नाव सांगून मोकळा झालो. भला माणूस आहे, पण त्याचं दुसरं चित्रीकरण सुरू झालंय आणि मी त्याला अजून विचारलेलंही नाही.

तुला नुसतं कळवायचं आणि येऊ नकोस म्हणायचं, असं ठरवून लिहायला बसलो होतो. प्रवास लांबचा, भावोजींना टाकून तू कशी निघशील, हे सगळं समजूतदारपणे लिहूनही झालं होतं. वाचून पाहिलं तर एखाद्या नाटकातल्या सोशीक भावाचं भाषण वाटलं. फाडून टाकलं.

मला भीती वाटतेय, ताई. मरणाची नाही तितकी. शुद्धीवर आल्यावर कुणाला तरी हाक मारावीशी वाटेल आणि तोंडातून काहीच निघणार नाही, याची.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत मला बोलता येईल. विशेष काही बोलायचं नाही, असंच इकडचं तिकडचं. भावोजींची सोय होत असेल तर ये. नाही झाली तरी ये.

तुझा,
धाकटा