तांब्यातलं पाणी

कळंब, चैत्र, १९५७

दादा,

परदेशातल्या वकिलातीत तू मोठा साहेब झालास, पण ते काम तू हितंच शिकलास. पाटाच्या पाण्यावरनं कुऱ्हाडी निघाल्या, की तू दोन्ही घरांना एका तांब्यातनं पाणी पाजायचास. "जो पाणी घेत न्हाय, त्याच्या मनात अजून वैर हाय," म्हणायचास. पुढं दोन देशांचं भांडणही तू मिटवलंस, तवा पेपर छातीशी धरून आपले आबा रडले होते.

परवा जीपमधनं दोघं परके आले. तू कधी येणार, कुठल्या गाडीनं, एवढंच गोड बोलून विचारलं. ऊन मी म्हणत होतं, तरी पाण्याला हात लावला न्हाय.

म्हणून लिहायला बसले. दादा, गावाकडं येऊ नकोस.

एवढ्यात तात्या मळ्यातनं आले. आपले सख्खे चुलते, तुला खांद्यावर बसवून शाळेत नेणारे.

"हिंदुरावाला लिहितीस व्हय? दे, मी टपालात टाकतो."

मी तांब्या पुढं केला. घामानं निथळत होते, तरी म्हणाले, "तहान न्हाय मला."

पाठमोरी बसून एवढं लिहितीय. त्यांचा हात अजून पुढंच हाय, पत्रासाठी.

तुझी,
बना